उखर्डू नानांच्या बंदुकीचा शेंदूर

फैजपूरहून उत्तरेला निघालेली गाडीवाट केळीच्या बागांत शिरून दिसेनाशी होते, आणि पुन्हा दिसू लागते तेव्हा समोर सातपुडा असतो. त्या पायथ्याशी चिंचझिरे नावाचे गाव आहे. त्या गावी पोळ्याच्या दिवशी बैलांच्या शिंगांना हिंगूळ लागे, पाठींवर झुली चढत, वाजंत्री घामाघूम होत, वेशीत आंब्याच्या पानांचे तोरण ताणले जाई. तरी पोळा फुटत नसे. माणसांचे आणि बैलांचे कान एकाच आवाजाकडे लागलेले असत. तो आवाज उखर्डू नाना पाटलांच्या ठासणीच्या बंदुकीचा. नाना वेशीच्या ढासळत्या बुरुजापाशी उभे राहत, डोळे मिटून पितरांचे स्मरण करीत आणि नळी आकाशाकडे करून एक बार काढीत. त्या बारासरशी मानाचा बैल तोरण तोडून गावात शिरे आणि त्याच्या मागोमाग अवघे गोधन घुंगरांच्या कल्लोळात घराकडे धावे.

नाना शूर पुरुष होते असे मात्र कोणी समजू नये. त्यांच्या आधीची भावंडे अर्भकपणीच गेली, म्हणून यमाची नजर चुकवण्यासाठी यांना जन्मतःच उकिरड्यावर लोळवून आणले होते. नावही तेच पडले आणि स्वभावही पुढे तसाच घडला. कोणाच्या नजरेत येऊ नये इतका अंग चोरलेला. उंच, काटकुळे, बोलणे इतके हळू की समोरच्याने कानाला हात लावावा. बंदुकीचा परवाना पीकसंरक्षणाचा होता, पण तिने आजवर एकही रानडुक्कर मारलेले नव्हते. डुकरे बाराच्या आवाजाने पळत आणि दुसऱ्या दिवशी केळीचे कंद उकरायला पुन्हा येत. हा उभयपक्षी मान्य असलेला सामोपचार होता. वर्षातून एकदा, वेशीत, तो एक बार काढताना मात्र नानांची छाती रुंदावे. वडील चुडामण पाटील यांनी अंतकाळी गंगाजळ घेण्याआधी एवढेच सांगितले होते: "पोया चुकू देऊ नको. बार आपल्याच बंदुकीचा झाला पायजे." नानांनी आयुष्यात पाळायचे असे हे एकच वचन स्वतःकडे ठेवले होते.

या बंदुकीला एक बहीण होती. नानांच्या आजोबांनी एकाच दुकानातून, एकाच घडणीच्या दोन बंदुका आणल्या होत्या. पुढे वाटणी झाली तेव्हा थोरल्या चुडामण पाटलांना एक बंदूक आणि पोळ्याच्या बाराचा मान मिळाला. धाकट्याला दुसरी बंदूक आणि मानाच्या बैलाचा मान. धाकट्याचा मुलगा लोटन आबा. अंगाने भरदार, आवाजाने त्याहून भरदार, आणि मनात एक सल. "बैल माहा पयला," ते पारावर बसून म्हणत, "पन त्याले पाय उचलाले त्या उखर्डूची परवानगी लागते! असा कसा मान?" या सलापायी चुलतभावांचे बोलणे कधी थांबले ते गावालाही आठवत नव्हते.

आता शेंदराविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सारा अनर्थ त्यातून उपजला. खंडेनवमीला शस्त्रपूजन सगळीकडे होते. पण पाटलांच्या घराण्यात शस्त्राला हळदकुंकवावर भागवीत नसत, तेलात कालवलेला शेंदूर चढवीत. आधीचा पुसायचा नाही, त्यावरच नवा. देवाच्या अंगावरचा शेंदूर जसा पुटावर पूट चढून कवच होतो, तसे त्या बंदुकीचे झाले होते. नळीचे तोंड, घोडा आणि चाप एवढे सोडून बाकी सर्वांग केशरी, गुळगुळीत आणि इतके जाड की नवख्याला ते शस्त्र आहे की शेंदूर फासलेला ओंडका हे चटकन कळू नये. नानांच्या पत्नी धुरपदाबाई दरवर्षी ते कवच स्वहस्ते वाढवीत. परवाना नवा करताना बंदूक ठाण्यात न्यावी लागे, तेव्हा नळीवरचा क्रमांक पाहण्याऐवजी जमादार तिला नमस्कार करीत आणि शिक्का मारीत.

एकोणीसशे शहाऐंशीच्या पोळ्याला नानांनी बार काढला आणि लोटन आबांचा पाखऱ्या बैल नेहमीपेक्षा जोरात उधळला. कासरा हाताला गुंडाळलेला असल्यामुळे आबाही त्याच्याबरोबर उधळले, आणि नव्या कोऱ्या फेट्यासकट वेशीलगतच्या गटारात गेले. इजा काहीच झाली नाही. पण गावच्या सासुरवाशिणी पदरात तोंड घालून हसल्या, आणि ती इजा आबांना सोसवली नाही. दुसऱ्याच दिवशी ते तालुक्याच्या ठाण्यात गेले.

ठाण्यावर नवे फौजदार आले होते, धनसिंग गिरासे, शिंदखेड्याकडचे राजपूत. मिशा पीळदार, पण कायद्याला मिशीइतकेच जपणारे. जीप चिंचझिऱ्यात आली. नानांनी परवाना दाखवला.

"पीकसंरक्षणाचा आहे," फौजदार म्हणाले. "वेशीत कोणते पीक होते, नाना?"

नाना पुष्कळ विचार करून म्हणाले, "मानसं व्हती साहेब. आनि बैल."

"त्यांचे संरक्षण आम्ही करतो," फौजदार म्हणाले, आणि बंदूक जप्त झाली. जमादार निंबा, नरडाण्याकडचा, याने ती दोन्ही हातांवर तोलून, देव्हाऱ्यातून मूर्ती उचलावी तशी जीपमध्ये ठेवली. धुरपदाबाईंनी जीपवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. तो फौजदारांसाठी नव्हता.

त्या दिवसापासून नानांचे चित्त उडाले. अज्ञातवासात निघालेल्या वीरांनी शस्त्रे शमीच्या झाडावर दडवून ठेवल्याची कथा त्यांनी कीर्तनात ऐकली होती. ते मनाला समजावीत की आपली बंदूकही अज्ञातवासात आहे, वर्षाने परत येईल. पण वर्षाच्या आत यायला हवी होती. कारण गावकऱ्यांची बैठक होऊन ठरले होते की, पुढच्या पोळ्याला बंदूक नसेल तर भुसावळहून सुतळी बॉम्ब आणून त्याच्या आवाजावर तोरण तोडावे. सूचना अर्थातच लोटन आबांची. पितरांच्या मानाच्या जागी दिवाळीचा फटाका! नानांना त्या दिवशी भाकर गोड लागली नाही.

ते ठाण्यात खेपा घालू लागले. निंबा जमादार धीर देई. "नाना, कसाले घाबरतस? तुमनी बंदूक आठे सुखमा शे. मी रोज दखस तिले."

"उंदरं लागतीन हो जमादार."

"उंदीर? शेंदूर दखीसन उंदीर हात जोडतस, नाना."

खंडेनवमी आली. धुरपदाबाई सकाळीच ताट घेऊन निघाल्या. ताटात नारळ, झेंडूची फुले आणि वाटीभर कालवलेला शेंदूर. ठाण्याच्या अंगणात सरकारी रायफली ओळीने मांडलेल्या होत्या, कारण पोलीसही शस्त्रेच बाळगतात आणि नवमी त्यांचीही असते. फौजदार सोवळे नेसून पूजेला बसले होते.

"साहेब," धुरपदाबाई म्हणाल्या, "तुमच्या बंदुका पूजेत, आनि माही कोठडीत? तिनं काय पाप केलं? बार काढनारा तर घरी जेवून राह्यला."

फौजदार कायद्याचे होते, पण राजपूत होते. नवमीला शस्त्र अपूजित राहणे त्यांनाही पटेना. त्यांनी निंबाला खूण केली. मुद्देमालाच्या खोलीतून नानांची बंदूक बाहेर आली, सरकारी रायफलींच्या रांगेत एका टोकाला विराजमान झाली, आणि धुरपदाबाईंनी यंदाचे पूट जरा हात सैल सोडूनच चढवले. निंबाने नारळ फोडला. फौजदारांनी आरती म्हटली. जप्त केलेल्या मुद्देमालात आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच आरतीच्या तालावर फेरफार झाला, हे त्यांच्या ध्यानात यायला पुढचा उन्हाळा उजाडावा लागला.

खटला हिवाळाभर रेंगाळला. अखेर न्यायाधीशांनी नानांना समज दिली, नानांनी हात जोडले, आणि हुकूम झाला की परवान्यावरील क्रमांकाशी नळीवरील क्रमांक पडताळून बंदूक मालकाच्या स्वाधीन करावी. नाना हुकूम डोक्याला लावून ठाण्यात आले. बंदूक टेबलावर ठेवली गेली. फौजदारांनी चष्मा लावला. मग भिंग मागवले.

"नाना, नंबर कुठे आहे?"

"असंन साहेब. आतमधी."

"आतमध्ये म्हणजे?"

"शेंदराच्या."

फौजदारांनी रॉकेल आणि काचकागद मागवला. निंबाने दोन्ही आणले, टेबलावर ठेवले आणि चार पावले मागे सरला. "साहेब, मना हात धजस नही. शेंदूर देवना शे."

फौजदारांनी स्वतः काचकागद उचलला. आपल्याच आरतीचा, अजून तेलकट असलेला केशरी थर त्यांच्याकडे पाहत होता. त्यांनी काचकागद खाली ठेवला. हुकूम होता, बंदूक होती, मालक होता. आणि या तिघांच्या मध्ये करंगळीएवढ्या जाडीचा एक धर्म उभा होता.

तोडगा धुरपदाबाईंकडून आला. नाना घरी ओसरीवर सुन्न बसले असता त्या म्हणाल्या, "देवाचा शेंदूर कोनी खरवडत नाही. देवच कवच टाकतो, त्याच्या मनाले आलं म्हंजे. ती आंधारात पडेल हाये. तिले उन्हात नेऊन ठेवा, आनि वाट पाहा."

वैशाख होता. केळीच्या पानांच्या कडा ज्यात भाजून निघतात, असे ते खानदेशातले ऊन. ठाण्याच्या अंगणात घोंगडीवर बंदूक ठेवली गेली. धुरपदाबाईंनी तिच्यावर कोमट गोडेतेलाची धार धरली आणि सगळे लिंबाखाली जाऊन बसले. सूर्यनारायण माथ्यावर आला. आधी तेल झिरपले, मग शेंदराला घाम फुटल्यासारखा झाला, मग एक बारीकशी भेग गेली. नाना हात जोडून उभे राहिले. फौजदारांनी नकळत टोपी सारखी केली. आणि दुपार कलता कलता, कोणाचाही हात न लागता, ते कवच एका बाजूने सुटून घोंगडीवर ओघळले.

"बठ्ठा शेंदूर पडी गया!" निंबा ओरडला.

कवचाच्या आत पोलाद नुकतेच जन्मल्यासारखे चकाकत होते. धुरपदाबाईंनी सारा शेंदूर तांबड्या फडक्यात बांधला, कारण त्याचे तापीत विसर्जन करायचे होते. फौजदारांसमोर निराळाच पेच होता: मुद्देमालाचे वजन घटले, आणि घटलेला भाग मालकाच्या पत्नीने गाठोड्यात बांधला, हे कागदावर कोणत्या शब्दांत लिहावे? तो पेच बाजूला सारून ते नळीवर वाकले. परवान्यावर शेवटचा आकडा सात होता.

"आठ," फौजदार म्हणाले.

"सात असंन साहेब."

"नाना, आठ आहे. ही बंदूक तुमची नाही."

नानांनी बंदुकीकडे पाहिले. घोड्यावरचा तो ओरखडा, खांद्याला ओळखीचा तो दस्ता. तिचा चाप ओढण्याआधी कुशीत एक थाप मारावी लागे, नाहीतर ती रुसे. ही खोडही त्यांच्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हती. "माही नाही? मंग कोनाची?"

शेवटी आठ असलेला तो क्रमांक तालुक्यात एकाच परवान्यावर होता. लोटन आबांच्या.

उलगडा अवघड नव्हता. वाटणीच्या वर्षीची खंडेनवमी घराण्याने शेवटची म्हणून एकत्र साजरी केली होती. दोन्ही बंदुका एका पाटावर होत्या, दोन्ही केशरी, आणि दुपारी पुरणपोळीच्या गुंगीत दोघा भावांनी, म्हणजे नाना-आबांच्या वडिलांनी, हाताला आली ती उचलून नेली. तेव्हापासून दोन्ही घरे एकमेकांच्या बंदुकीची पूजा मोठ्या भक्तिभावाने करीत आली होती.

लोटन आबांना त्यांच्या बंदुकीसह बोलावणे गेले. तिचेही कवच उन्हानेच उतरवले. आत सात निघाला. दोघे चुलतभाऊ एका बाकावर, एकमेकांकडे पाठ करून बसले, आणि मध्ये निंबा जमादार उभा राहिला.

"जमादार," आबा भिंतीकडे पाहत म्हणाले, "त्याले सांगा, माही बंदूक त्यानं इतकी वर्सं घरात कोंडून ठेवली."

"जमादार," नाना दाराकडे पाहत म्हणाले, "त्याले इचारा, तिले तेल कोन देत व्हतं? त्याचा बाप?"

"नाना," निंबा म्हणाला, "त्यासना बाप तुमना सख्खा काका व्हता ना!"

नानांनी जीभ चावली.

"आबा," फौजदार शांतपणे म्हणाले, "तक्रार तुमची. वेशीत बार निघाला तो कोणत्या बंदुकीतून? हिच्यातून. ही कोणाच्या परवान्यावर? तुमच्या. म्हणजे तुमच्याच बैलाला तुमच्याच बंदुकीने उधळवले आणि तुम्हाला गटारात घातले. आता नवी फिर्याद लिहायची झाली, तर पहिले नाव कोणाचे लिहू?"

आबांचा भरदार आवाज प्रथमच हरवला. "साहेब, फिर्याद कायची? गटारात मी माह्याच पायानं गेलो व्हतो."

दोघांनी चुकीची कबुली दिली, न्यायाधीशांनी पुन्हा एकदा समज दिली, आणि ज्याच्या परवान्यावर जो क्रमांक, त्याला ती बंदूक मिळाली. कायद्याच्या दृष्टीने नानांची बंदूक सुटली. नानांच्या दृष्टीने ती लोटनच्या घरी नांदायला गेली. घरी आलेली परकी बंदूक त्यांनी खुंटीला लावली, पण तिच्याकडे तोंड करून जेवले नाहीत. थापेची खोड लोटनला सांगावी असे त्यांच्या मनात आले होते. परंतु ज्याच्याशी बोलणे नाही त्याला सांगावे कसे?

श्रावण सरत आला, तेव्हा फौजदार जातीने गावात येऊन सांगून गेले की वेशीत बार काढता येणार नाही. "आपापल्या शेतात, पिकाच्या रक्षणासाठी, डुक्कर समोर असेल तर कायद्याची ना नाही." आता नानांची केळीची बाग ओढ्यापलीकडे, तिथला बार वेशीत ऐकू येणे अशक्य. वेशीच्या भिंतीला लागून होती ती बाग लोटन आबांची. बंदूक आबांची, बाग आबांची, बार आबांचा! आबांनी सुतळी बॉम्बचा विचार तत्काळ सोडला आणि पारावर छाती काढून बसले. पण आनंद ओसरताच एक अडचण दिसली. बागेत बार काढायचा, तर त्याच क्षणी वेशीत मानाचा बैल कोण धरणार? पाखऱ्या परक्याला शिंगावर घेई. पाटलांच्या रक्ताचा हात असेल तरच तो गप्प राही, आणि ते रक्त गावात आणखी एकाच ठिकाणी होते.

आबांचा निरोप निंबामार्फत आला. नाना संतापले. "मी त्याचा बैल धरू? आनि त्यानं बार काढावा? बापानं काय सांगितलं व्हतं मले!"

"बापानं सांगितलं, आपल्या बंदुकीचा बार व्हवाले पायजे," धुरपदाबाई चुलीपुढून म्हणाल्या. "हात कोनाचा, ते नाही सांगितलं. बंदुका आदलाबदल झाल्या, एक रोज मान बी करा. नाहीतर फटाका आनून वाजवा, आनि मंग पितरांले तोंड दाखवा."

पोळ्याला नाना वेशीत पाखऱ्याचा कासरा धरून उभे राहिले. पाखऱ्याने त्यांचा खांदा हुंगला आणि ओळख पटल्यासारखी मान खाली घातली. भिंतीपलीकडे केळीच्या पानांत लोटन आबांचा फेटा हलत होता. निंबा जमादार बांधावर डुक्कर पाहण्यासाठी नेमलेला होता.

"डुक्कर मी सोता देखं!" तो ओरडला. "मोठं व्हतं!"

वाजंत्री थांबली. चाप ओढल्याचा खटका आला. बार आला नाही. पुन्हा खटका. बैल अस्वस्थ झाले, सूर्य डोंगराला टेकू लागला, आणि कोणीतरी म्हणाले, "आना रे, हाये का कोनापाशी तो सुतळी बॉम्ब?"

नानांनी कासऱ्याचा आणखी एक वेढा हाताला घेतला. पलीकडे ती रुसली होती. तिला काय हवे होते ते त्यांना माहीत होते, आणि ते सांगायला तोंड उघडायचे म्हणजे सगळा जन्म गिळून ठेवलेला अबोला उघडायचा. तिसरा खटका आला. आणि ज्यांचे बोलणे कानाला हात लावल्याशिवाय कधी ऐकू आले नव्हते, ते उखर्डू नाना अख्ख्या गावाला ऐकू जाईल असे गरजले:

"अरे लोटन! कुशीत थाप मार तिच्या! थाप!"

पलीकडून एक थाप आली, आणि तिच्या पाठोपाठ तो बार, ज्याने सातपुड्याच्या पहिल्या रांगेतून दोनदा परत येऊन गावाला ओळख दिली. तोरण तुटले. पाखऱ्या उधळला. कासरा नानांच्याही हाताला गुंडाळलेला होता, आणि गटार वर्षभरात हलले नव्हते.

नाना त्यात बसलेले होते, फेटा कानावर, अंगभर चिखल, आणि बैलांचा लोंढा घुंगरांच्या नादात शेजारून चालला होता. भिंतीवरून उडी टाकून लोटन आबा धावत आले. एका हातात बंदूक, दुसरा खांद्यावर दाबलेला.

"नाना! लागलं काय?"

"नाही रे. बार चांगला झाला."

आबांनी हात देऊन त्यांना वर ओढले आणि दुखरा खांदा चोळीत म्हणाले, "तुह्या बंदुकीनं खांदा मोडला माहा."

"माही कुठी? आठ नंबर हाये तिचा. तुहीच ती."

लोटन आबांनी बंदुकीकडे पाहिले, मग चिखलाने माखलेल्या थोरल्या भावाकडे.

"नंबर माहा असंन," ते म्हणाले, "पन आयकते ती तुहं."